युद्धात बुडालेल्या टँकरमधले तेल कसे काढतात : कागदपत्रांपासून शेवटच्या फ्लँजपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवलेले कितीतरी तेलवाहू टँकर आजही समुद्रतळाशी आहेत. त्यांचा पोलादी पत्रा दर वर्षी झिजतो आहे. ज्यांच्या टाक्यांत तेल शिल्लक आहे, त्यांच्याकडे दोनच वाटा आहेत: ते तेल माणसाने ठरवलेल्या दिवशी, होसमधून वर येईल, नाहीतर एखाद्या वादळाच्या दिवशी आपोआप किनाऱ्यावर येईल. पहिली वाट कशी आखायची ते इथे सांगितले आहे. मुख्य उदाहरण अमेरिकी नौदलाच्या 'मिसिसिनेवा' टँकरचे घेतले आहे, कारण त्या कामात जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या.

२० नोव्हेंबर १९४४ च्या पहाटे, पश्चिम प्रशांत महासागरातल्या उलिथी खाजणात नांगरलेल्या 'मिसिसिनेवा'वर जपानी कैतेन, म्हणजे माणसाने आतून चालवायचा टॉर्पेडो, आदळला. तो पाणबुडीतून सोडलेला होता. ६३ जण मृत्युमुखी पडले. जहाजावर ४ लाख ४ हजार गॅलन विमानाचे पेट्रोल, ९ हजार बॅरल डिझेल आणि ९० हजार बॅरल जड इंधन तेल होते. जहाज उलटे होऊन सुमारे ४० मीटर खोलीवर गेले. २००१ मध्ये वादळानंतर गळती सुरू झाली, तेव्हा खाजणातल्या मासेमारीवर जगणाऱ्या बेटांवर थेट संकट आले. २००३ च्या सुरुवातीला नौदलाच्या डायव्हरांनी १८ लाख गॅलनहून अधिक, म्हणजे ६८ लाख लिटरच्या वर, तेल बाहेर काढले.

आधी कागद, मग डायव्हर

समुद्रात एक दिवस काम करायचा खर्च अफाट असतो, त्यामानाने कागद स्वस्त. म्हणून पहिले काही आठवडे अभिलेखागारात घालवा. हवे ते चार कागद असे: टाक्यांचा आराखडा, शेवटच्या फेरीचा मालभरणा, वाचलेल्या खलाशांचे जबाब आणि हल्ला करणाऱ्या पाणबुडीची युद्धदैनंदिनी. जर्मन यू-बोटींच्या दैनंदिन्यांत टॉर्पेडो कुठे लागला, आग लागली का, जहाज किती वेळ तरंगत होते, हे मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेले सापडते. खलाशांचे जबाब या दैनंदिनीशी ताडून पाहा. जिथे दोन्ही जुळतात तिथे कोणत्या टाक्या फुटल्या हे बऱ्यापैकी ठरते.

त्या काळच्या टँकरची रचना डोळ्यांसमोर ठेवा. जहाजाच्या लांबीत दोन उभ्या भिंती धावतात, त्यामुळे मधली टाकी आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या अशा तिहेरी रांगा होतात. आडव्या भिंती त्यांचे पुढे-मागे तुकडे करतात. माल भरायच्या भागात दुहेरी तळ बहुधा नसे. मागच्या बाजूला इंजिनरूम, तिथे जहाजाचे स्वतःचे इंधन. हे इंधन लोक हमखास विसरतात. मालाच्या सगळ्या टाक्या रिकाम्या निघाल्या, तरी बंकर (जहाजाच्या स्वतःच्या इंधनाच्या टाक्या) आणि सेटलिंग टाक्यांत (इंजिनात जाण्याआधी इंधन निवळायच्या टाक्या) शेकडो टन तेल असू शकते.

मालभरण्याच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो जहाज बुडाले त्या दिवशीचा आकडा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'माँटेबेलो' टँकरला २३ डिसेंबर १९४१ रोजी आय-२१ या जपानी पाणबुडीने बुडवले, तेव्हा त्यात ७३ हजार बॅरलहून अधिक कच्चे तेल होते. जहाज सुमारे २७५ मीटर खोलीवर आहे. २०११ मध्ये तपासणी झाली, तेव्हा टाक्यांत काढण्याजोगे तेल उरलेलेच नव्हते. उलट न्यूयॉर्कजवळ १५ जानेवारी १९४२ रोजी यू-१२३ ने बुडवलेल्या 'कोइंब्रा' या ब्रिटिश टँकरचे तीन तुकडे झालेले असूनही २०१९ मध्ये त्यातून सुमारे ४ लाख ७६ हजार गॅलन वंगण तेल निघाले.

जहाज कसे पडले आहे यावर सगळे अवलंबून

तेल पाण्यापेक्षा हलके. टाकीत ते नेहमी सर्वांत उंच कोपऱ्यात जाऊन बसते, आणि खालून पाणी आत शिरते. आता टाक्यांचे श्वासनळ, झाकणे, मोजणीचे पाइप हे सगळे डेकवर असतात. जहाज सरळ बसले असेल, तर ही सगळी तोंडे तेलाच्या बाजूला येतात. पाइप गंजले, झाकणांचे रबर कुजले, की दशकानुदशके थेंबथेंब तेल निसटत राहते. जहाज उलटे असेल, तर तीच तोंडे खाली पाण्याच्या बाजूला जातात आणि वर उरतो तळाचा सलग पत्रा. उलटे पडलेले जहाज म्हणूनच तेल राखून ठेवते. 'मिसिसिनेवा' असे होते, 'माँटेबेलो' सरळ बसलेले होते. हा नियम अचूक नाही, पण पहिला अंदाज बांधायला फार उपयोगी आहे.

कुशीवर पडलेले जहाज सर्वांत त्रासदायक. वरच्या बाजूच्या टाकीला बाहेरच्या पत्र्यातून भोक पाडता येते, मधल्या टाकीपर्यंत जायला मात्र आतली भिंतही भेदावी लागते. अशा वेळी डेकच्या बाजूने, मधल्या टाकीच्या उंच कडेला भोक घेणे सोपे जाते. टाकी भेदायच्या आधी प्रत्येक टाकीचा 'आजचा उंच बिंदू' आराखड्यावर खूण करून ठेवा. जहाज १५ अंश कललेले असले, तरी हा बिंदू बराच सरकतो.

गळती किती आहे, तवंगावरून

पाण्यावरच्या तवंगाचा रंग जाडी सांगतो. चंदेरी तवंग म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ४० ते ३०० लिटर, इंद्रधनुषी म्हणजे ३०० ते ५,००० लिटर, धातूसारखी झाक असेल तर ५,००० ते ५०,००० लिटर. समजा २ किलोमीटर लांब आणि ५० मीटर रुंद इंद्रधनुषी पट्टा दिसला. क्षेत्र झाले ०.१ चौरस किलोमीटर, तेल ३० ते ५०० लिटर. पट्टा पाहून घाबरणाऱ्यांना हा हिशेब करून दाखवावा, आणि दुर्लक्ष करणाऱ्यांनाही. पाहणी सकाळच्या शांत वाऱ्यात करा. जोराचा वारा तवंग फोडतो आणि आकडा खोटा कमी येतो.

तेल नेमके त्याच जहाजाचे आहे ना, हे प्रयोगशाळेतून पक्के करा. तेलातल्या होपेन आणि स्टेरेन या संयुगांचे परस्पर प्रमाण वर्षानुवर्षे टिकते, त्यावरून उगम ओळखता येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी येणाऱ्या डांबरी गोळ्यांचा माग दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने याच पद्धतीने घेतला आहे.

पत्रा किती उरला आहे

बांधताना बाजूचा पत्रा साधारण १६ ते २० मिलिमीटर असे. समुद्रात पोलादाच्या उघड्या बाजूला दर वर्षी ढोबळ मानाने ०.१ मिलिमीटर झीज धरतात. ८० वर्षांत ८ मिलिमीटर गेले. आतून तेल लागून असेल तर ती बाजू जवळजवळ कोरी राहते, आतही पाणी असेल तर दुहेरी झीज होते आणि १६ मिलिमीटरचा पत्रा संपल्यात जमा असतो. हा सरासरीचा हिशेब. प्रत्यक्षात रिव्हेटची डोकी, सांधे, आणि वाळूने घासला जाणारा पट्टा आधी जातो, म्हणून जागेवर मोजल्याशिवाय एकही भोक घेऊ नये.

मोजायचे अल्ट्रासोनिक जाडीमापकाने. डायव्हर किंवा दूरनियंत्रित यंत्र शिंपले, प्रवाळ, गंजाचे पापुद्रे खरवडून हातभर जागा चकचकीत करते आणि तिथे पाच-सहा वाचने घेते. गंजाचा थर राहिला तर मापक थराचीच जाडी दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. वाचने एकमेकांशी जुळत नसतील तर पुन्हा खरवडा. ६ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या जागी बोल्ट धरतील असे मानू नका, दुसरी जागा शोधा.

आत तेल आहे की पाणी, हे भोक न पाडता पाहायचे तर न्यूट्रॉन मापक लावतात. हे 'माँटेबेलो'वर वापरले होते. वेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनला धडकून मंदावतात आणि परत येतात. हायड्रोजन तेलातही आहे आणि पाण्यातही, फरक पडतो तो मुख्यतः खाऱ्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे, कारण क्लोरिन मंद न्यूट्रॉन गिळते. फरक लहान असल्यामुळे ज्या टाकीत नक्की पाणी आहे, उदाहरणार्थ टॉर्पेडोने उघडी पाडलेली, तिच्यावर मापक आधी लावून पायाभूत आकडा घ्या. ही पायरी गाळली तर पुढची सगळी वाचने निरर्थक.

स्फोटके आणि मृत

युद्धकाळात टँकरवर तोफा असत. सेंट हेलेना बेटाजवळ २२ ऑक्टोबर १९४१ रोजी यू-६८ ने बुडवलेल्या 'डार्कडेल' या ब्रिटिश टँकरचे तेल २०१५ मध्ये काढले, सुमारे १,९४४ घनमीटर, आणि त्याच मोहिमेत ३८ जिवंत तोफगोळे निष्प्रभ करावे लागले. तोफेच्या जागेभोवती आणि दारूगोळ्याच्या कोठाराभोवती नांगराची साखळी, बार्जचा (ज्यावरून काम चालते त्या सपाट तळाच्या नौकेचा) दोर काहीही पडू देऊ नका. स्फोटकतज्ज्ञाने जागा मोकळी म्हटल्याशिवाय तिथे डायव्हर उतरवायचा नाही.

जहाज नौदलाचे असेल तर ते कितीही जुने असो, ध्वजराष्ट्राच्या, म्हणजे ते ज्या देशाचे त्या देशाच्या, परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. आत मृत आहेत, म्हणून राहण्याच्या खोल्या आणि इंजिनरूम यांत गरजेशिवाय शिरू नये, काही वर आणू नये. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकण आणि गोव्यातले कितीतरी खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, भारतीय व्यापारी नौकानयनातल्या ६ हजारांहून अधिक खलाशांची नावे मुंबई आणि चट्टग्राम इथल्या स्मृतिपुस्तकांत आहेत. काम सुरू करण्याआधी आपल्या जहाजाची खलाशी-यादी त्यांच्याशी ताडून पाहणे हे कर्तव्य आहे.

हॉट टॅप

भरलेल्या टाकीला, थेंबही न सांडता, व्हॉल्व्हमधून भोक पाडणे म्हणजे हॉट टॅप. गॅसकटिंग किंवा वेल्डिंग इथे पूर्ण वर्ज्य. टाकीच्या माथ्यावर पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते. क्रम असा:

१. उंच बिंदूजवळ, पत्र्याला आतून आधार देणाऱ्या दोन फासळ्यांच्या मधोमध जागा निवडा. फासळ्या साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर अंतरावर असतात. हातोडीचा आवाज बदलतो तिथे फासळी, जाडीमापकाने खात्री करा.

२. जागा चकचकीत करून जाडी मोजा. पत्रा वाकलेला असेल तर फ्लँज टेकणार नाही, तशी जागा सोडा.

३. चुंबकी पकडीने फ्लँज (बोल्टने आवळायची पोलादी कडी) बसवा, खाली गळती रोखणारे जाड निओप्रीनचे गॅस्केट. बोल्टची भोके हायड्रॉलिक ड्रिलने, एकेक करून पाडा आणि भोक पडताच त्यात आटे पाडत जाणारा बोल्ट घाला. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. सगळी भोके आधी पाडून ठेवली तर तेवढ्या वेळात तेल बाहेर येते.

४. फ्लँजवर पूर्ण तोंड उघडणारा बॉल व्हॉल्व्ह. ४ किंवा ६ इंची. मग तो बंद करून दाब-चाचणी. गळत असेल तर आत्ताच गॅस्केट बदला, नंतर संधी नाही.

५. व्हॉल्व्हवर हॉट टॅप यंत्र बसवा, व्हॉल्व्ह उघडा, मधला पायलट ड्रिल आणि भोवतीचे गोल पाते आत सोडून पत्रा कापा. पायलट ड्रिलवरची तार कापलेली चकती धरून ठेवते. चकती आत पडली तर पंपात अडकायची भीती.

६. पाते मागे घ्या, व्हॉल्व्ह बंद करा, यंत्र काढा, होसची जोडणी करा.

पंप सुरू करण्याआधी याच व्हॉल्व्हमधून नमुना घ्या. घनता, प्रवाहीपणा, ज्वलनबिंदू आणि हायड्रोजन सल्फाइड हे चार तपासायचेच. साचलेल्या टाकीत जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हा विषारी वायू तयार करतात. वर डेकवर नमुन्याची बाटली उघडणाऱ्याच्या हातात वायूमापक हवा.

पंप लावल्यावर काय बिघडते

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी आत यायची वाट न पाहता पंप चालवणे. गोडेतेलाच्या डब्याला ओतताना दोन भोके पाडतात ती ज्या कारणाने, तेच इथे. फक्त डब्यात हवा जाते, टाकीत समुद्राचे पाणी जायला हवे. टॉर्पेडोने फुटलेल्या टाकीला वाट आधीच असते. अखंड टाकीला मात्र खालच्या बाजूला, काढायच्या भोकाएवढे तरी, दुसरे भोक पाडावे लागते. नाही पाडले तर टाकीत ओढ निर्माण होते. ०.३ बारचा फरक म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३ टन भार, आणि निम्मा झिजलेला पत्रा तो पेलत नाही. तो आत वाकतो, सांधे उघडतात, आणि मग वर्षानुवर्षे बंद राहिलेले तेल एका तासात बाहेर येते. होसजवळ दाबमापक लावा, ओढ वाढू लागली की पंप मंद करा.

उलट बाजूचा हिशेबही माहीत हवा. ०.९५ घनतेचे तेल टाकीत १० मीटर उंच असेल, तर वरच्या पत्र्यावर बाहेरच्या पाण्यापेक्षा फक्त ७ ते ८ किलोपास्कल जास्त दाब असतो, पाऊण मीटर पाण्याएवढा. म्हणून बारीक भोकातून तेल कारंज्यासारखे उडत नाही, संथ येते, आणि डायव्हरला भोक बुजवायला वेळ मिळतो. पण ४० मीटरच्या होसमध्ये तेल भरले की तो फरक चौपट होतो आणि पंप बंद असला तरी तेल स्वतःहून वर येत राहते. काम थांबवायचे तर आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग पंप.

तेल जाड असेल तर? उलिथीच्या कोमट पाण्यात जड इंधन तेल वाहते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात तसेच तेल गुळाच्या पाकाएवढे घट्ट होते. केंद्रापसारक पंप अशा वेळी नुसता फिरतो. स्क्रू पंप लावावा, आणि शक्य तर पंपाच्या तोंडाशी होसच्या भिंतीलगत पाण्याचा पातळ थर सोडावा. तेल त्या थरावरून सरकते आणि घर्षण खूप उतरते. तेवढ्याने भागले नाही तर टाकीत गरम पाणी किंवा वाफ सोडायची. संपूर्ण टाकी तापवायचा मोह टाळा, उष्णता पत्र्यातून समुद्रात जाते. भोकाभोवतीचा भाग तापवला तरी पुरते.

४ इंची होसमधून तासाला ४० घनमीटर असा वेग धरला तर ५०० घनमीटरची टाकी कागदावर साडेबारा तासांत रिकामी होते. प्रत्यक्षात शेवटचा तिसरा भाग दुप्पट वेळ घेतो, कारण तेल पातळ थरात पसरते आणि पंप पाणी ओढू लागतो. पाणी दिसू लागले की पंप बंद करून २४ तास थांबा. फासळ्यांच्या कप्प्यांत अडकलेले तेल त्यांतल्या लहान छिद्रांतून हळूहळू उंच बिंदूकडे येते. मग पुन्हा उपसा. दोन-तीनदा असे करावे. तरीही कप्प्यांत थोडे राहतेच, आणि कंत्राटात 'शंभर टक्के' असा शब्द लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

डायव्हर आणि बार्ज

४० मीटरवर साध्या हवेने, वर येताना टप्प्यांवर न थांबता, खाली राहायची मुभा जेमतेम दहा-बारा मिनिटे मिळते. एवढ्यात एक फ्लँजही पुरती बसत नाही. म्हणून वरून हवा पुरवणारी हेल्मेट व्यवस्था, टप्प्याटप्प्याने वर येणे, आणि बार्जवर दाबकक्ष अनिवार्य. ५०-६० मीटरच्या पुढे सॅचुरेशन डायव्हिंगचा (डायव्हरने अनेक दिवस दाबाखालीच राहून काम करण्याचा) विचार करा, 'माँटेबेलो'सारख्या खोलीवर माणूस पाठवूच नका. तेलात काम करणाऱ्याला व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा सूट हवा, साधा निओप्रीन तेल शोषून फुगतो. वर आल्यावर हेल्मेट काढण्याआधी साबण आणि गरम पाण्याने धुणे हा त्याच्या श्वासाचा प्रश्न आहे.

बार्ज चार नांगरांवर स्थिर ठेवा आणि चारही नांगर जहाजापासून दूर टाका. वाऱ्याच्या खालच्या बाजूला बूम (तेल अडवणारे तरंगते कुंपण) आणि स्किमर (पाण्यावरचे तेल ओढून घेणारे यंत्र) आधीपासून तयार हवेत. बार्जवरच्या टाकीत तेल आणि पाणी वेगळे होऊ द्या, पाण्याचा थर पाणी ओळखणाऱ्या पेस्टने मोजा आणि खालचे पाणी गाळूनच सोडा. किती तेल निघाले हा आकडा फक्त या मोजणीतून येतो, पंपाच्या मीटरमधून नाही, कारण मीटर पाणीही मोजतो.

हंगाम आधी ठरवा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे काम करायचे झाल्यास नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच काळ हाताशी असतो. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर 'रॅक कॅरिअर' हे कोळसावाहू जहाज भर पावसाळ्यात बुडाले. त्यात सुमारे २९० टन इंधन तेल होते. खवळलेल्या समुद्रात डायव्हर उतरवणे अशक्यप्राय असते आणि तोवर तेल जुहूच्या वाळूपर्यंत पोचलेले असते.

बंद करून जाताना

उपसा संपला की व्हॉल्व्ह काढून त्याजागी कोरी, म्हणजे मधे भोक नसलेली, फ्लँज बोल्टने बसवा, कडेने पाण्यात घट्ट होणारे इपॉक्सी भरा. व्हॉल्व्ह तसाच सोडला तर मासेमारीचे जाळे त्यात अडकून फ्लँजसकट उपटून काढते. खाली पाडलेली पाण्याची भोके बुजवली नाहीत तरी चालते, ती तेलाच्या खाली असतात. प्रत्येक फ्लँजचा क्रमांक, टाकी, जाडीचे वाचन आणि छायाचित्र एका तक्त्यात नोंदवा आणि तो तक्ता स्थानिक प्रशासनाकडेही द्या, कारण वीस वर्षांनी तवंग दिसला तर विचारणा तिथेच होणार आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर जागेवर पाहणी करा. तवंग चंदेरी आणि तुटक असेल तर तो कप्प्यांतला उरलेला अंश, नोंद करून सोडून द्या. इंद्रधनुषी पट्टा सलग तीन पाहण्यांत एकाच बिंदूपासून निघत असेल, तर त्या बिंदूखालची टाकी आपल्या तक्त्यात शोधा. तिथे फ्लँज नसेल, तर ती टाकी रिकामी समजून सोडलेली आहे, आणि आता तिच्यावर जाडीमापक घेऊन पुन्हा उतरावे लागेल.